आधीचा घोट

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले, वसंता, आणि मला अजून माठाची भीती वाटते. तहान लागते, उठतो, पेला भरतो आणि तसाच उभा राहतो. तुझी वहिनी आतून विचारते, "काय झालं हो?" मी म्हणतो, "काही नाही." ती बाहेर येते, माझ्या हातातला पेला घेते, तुळशीला ओतते आणि न बोलता आत जाते. तिला कळतं. या घरात सगळ्यांना सगळं कळत आलेलं आहे. बोलत फक्त तू होतास.

भीती माठापुरती असती तर मी कागद घेऊन बसलो नसतो. जिन्यात बूट वाजले की मी उठून दाराची कडी बघतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत बसतो. परवा गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होतं, तर मला वाटलं, आत कुणीतरी हलक्या आवाजात माझं नाव घेतंय. पन्नाशी उलटल्यावर हे सुरू होतं का रे? तू असतास तर हसून म्हणाला असतास, "नाव घेतलं तर ठीक आहे नाना, शिव्या द्यायला लागले की सांग." डॉक्टरांना विचारायचं तर त्यांच्या दारात उभं राहावं लागेल. आणि त्या दारात आपल्याला कुणी बघू नये म्हणून बारा वर्षं मी तुला मागच्या बोळातून नेलं.

परवा, गुरुवारी, मला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जायचं आहे. कोठडीत माणूस मेला की अशी चौकशी होतेच, हे मला कुणी सांगायला नको. तुझ्या चौकशीच्या फायलीतला एक कागद माझ्या अक्षरातला आहे. त्यात लिहिलंय, "माझ्या भावास कोणताही आजार नाही." खाली माझी सही. तो कागद खरा म्हणायचा की खोटा, एवढंच मला ठरवायचं आहे. खरा म्हटला, तर तू हट्टी कैदी होतास आणि हट्टानं मेलास. खोटा म्हटला, तर तू कशानं मेलास हे सांगावं लागेल, आणि ते सांगताना स्वातीचं ठरलेलं लग्न माझ्या हातात काचेच्या भांड्यासारखं असेल.

तुला हसू येत असेल. तीस वर्षं मी कोर्टाच्या भिंतीला लागून टेबल टाकून बसलो. आधी टाईपरायटर, आता लॅपटॉप. दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांची शपथपत्रं. प्रत्येकाच्या तळाशी मी न बघता टाईप करतो, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." तू एकदा डबा घेऊन आला होतास. माझ्या मागं उभं राहून तीन-चार कागद वाचलेस आणि सगळ्या अर्जनवीसांच्या देखत म्हणालास, "नाना, दिवसभर लोकांचं खरं लिहितोस आणि घरी आलास की पित्त."

बाकीचे हसले. त्यांना वाटलं, माझ्या रागाबद्दल बोलतोयस. मी तुला हाताला धरून बाहेर काढलं.

पित्त. तो शब्द मीच शोधून काढला होता. तू वाळूजच्या कंपनीत तपासणीला होतास, हातात गेज घेऊन मापं बघायचास. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसलाच नाहीस. जड सेफ्टी बूट घालून वाळूजहून चालत घरी आलास. दारात म्हणालास, "बसमध्ये सगळ्यांना माझं माप माहीत झालंय." दोन महिन्यांनी निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या महिन्यात तू बराचसा आमचा झालास. तेव्हा आई होती. ती म्हणाली, "हे भाईर जाऊ द्यायचं नाय. स्वाती हाय घरात." स्वाती तेव्हा बारा वर्षांची होती. बारा वर्षांच्या पोरीच्या सोयरिकीसाठी आपण तुझ्या गोळ्या आवळासुपारीच्या डब्यात भरल्या आणि मी तुला समोर बसवून घोकून घेतलं.

"कुणी विचारलं, कसली गोळी, तर काय सांगायचं?"

"डोक्याची."

"वसंता."

"बरं. पित्ताची. पण नाना, मला साखर झाली असती तर सांगितलं असतंस का नाही?"

"साखरेचं वेगळं."

"काय वेगळं? ती रक्तात असते, ही डोक्यात असते. रक्त तर डोक्यातून पण जातं."

या वादाचं उत्तर मी तुला कधीच दिलं नाही. तू वर्षातून दोन-चारदा तो काढायचास, जेवताना नाहीतर काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर, आणि मी दरवेळी "हळू बोल" म्हणायचो. हळू बोल म्हणजे तुझं बरोबर आहे, हे तुलाही कळत होतं.

पाण्याचं तुला आठवत असेल. पहिल्या आजारपणात दीड दिवस तू पाण्याला शिवला नव्हतास. पाण्यात काहीतरी टाकलंय म्हणायचास. आई रडली, वहिनीनं विनवण्या केल्या. शेवटी मी चिडलो. तुझ्या हातातला पेला ओढून घेतला, मोठा घोट घेतला आणि म्हणालो, "बघ, मेलो का मी?" तू माझ्या तोंडाकडं बघत राहिलास. मनात काहीतरी मोजत होतास. मग पेला घेतलास आणि घटाघटा सगळा संपवलास. तेव्हापासून घरात रिवाजच पडला. तू जेवायला माझ्या उजव्या हाताला बसायचास. मी आधी एक घोट घ्यायचा आणि पेला उजवीकडं सरकवायचा. तू बरा असायचास तेव्हासुद्धा. त्याची थट्टाही व्हायची. "आधी तू, नाना," तू मोठ्या अदबीनं म्हणायचास, "मोठे आहात, मरायचा मान तुमचा."

बारा वर्षं. घराबाहेर आपण हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असंच वाटायचं.

आता तो रविवार. बावीस दिवस मी त्याच्या भोवती फिरतोय.

करमाडचे पाहुणे स्वातीला बघायला येणार होते. मुलगा चांगला, शेंद्र्याला नोकरीला, घरी जमीन. बरोबर त्याचे थोरले चुलते येणार होते, भाऊसाहेब. त्यांच्या शब्दावर त्या घरात पान हलतं. सकाळी मी तुला म्हणालो, "वसंता, आज अक्काकडं गंगापूरला जाऊन ये. दिवे लागेपर्यंत येऊ नको."

तू नवा शर्ट घातला होतास. पाहुणे येणार म्हणून तूच तो इस्त्री केला होतास. बटणाशी चाळा करत उभा राहिलास.

"मी बोलणार नाही काही. पोहे खाईन आणि आत जाईन."

"तसं नाही रे. अक्का आठवण काढत होती."

"बरं."

एवढंच म्हणालास. भांडला असतास तर बरं झालं असतं. आणि त्या गडबडीत दुपारच्या गोळीचा डबा कपाटावर राहिला. तो तुझ्या खिशात घालायचं काम माझं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. काळीपिवळीच्या थांब्यावर जीपवाल्यानं तुला मागच्या बाकड्यावर चार जणांत कोंबलं. तू उतरलास. त्यानं कॉलर धरून परत बसवलं, "ओ शहाणे, सीट भरल्याबिगर गाडी हलत नाय." तू पुन्हा उतरलास. ओरडायला लागलास. चौकातले ट्रॅफिकचे हवालदार आले. त्यांनी दंडाला धरलं. तू ढकललंस. हवालदार दुभाजकावर पडले आणि त्यांचा हात मोडला. सरकारी नोकरावर हल्ला. तिथल्या माणसांना तू मस्तवाल दिसलास, वसंता. मी तुला पाच हजार वेळा पाहिलंय. तुझे खांदे असे वर येतात, आवाज चढतो, डोळे मोठे होतात, तेव्हा तू काय असतोस हे मला माहीत आहे. तू घाबरलेला असतोस. इतका घाबरलेला, की समोरचा तुला घाबरतो.

फोन आला तेव्हा पाहुण्यांच्या हातात चहा होता. मी गॅलरीत जाऊन बोललो, पण चेहरा लपवता आला नाही. भाऊसाहेब उठलेच. "काय झालं? भाऊ ठाण्यात? अहो मग बसलाय काय, चला. माझी गाडी हाय खाली. फौजदाराला वळखतो मी."

तो माणूस वाईट नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. गाडीत त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "कशाला तोंड पाडता नाना? हाणामारी काय, पुरुषाच्या जातीला व्हतेच. आमच्या घरात तिघं आत जाऊन आलेत. माझा चुलता तर आंदोलनात आठ दिवस जेलात होता, आला तेव्हा हार घातले लोकांनी." मग म्हणाले, "फक्त डोक्याचं काय नाय ना? तेवढं नको. बाकी समदं चालतंय."

मी म्हणालो, "नाही नाही. तापट आहे जरा."

ठाण्यात तू बाकावर बसला होतास. नव्या शर्टाची बाही फाटली होती. फौजदार मला ओळखत होते, माझ्या हातचे कागद रोज बघतात. "अहो नाना, हा तुमचा भाऊ? कसं काय हे?" त्यांनी खुर्ची दिली. तू मधेच म्हणालास, "नाना, माझी गोळी राहिली."

फौजदारांनी मान वळवली. "कसली गोळी रे?"

वसंता, तू माझ्याकडं बघितलंस. माझ्या शेजारी पांढऱ्या कपड्यातले अनोळखी भाऊसाहेब उभे होते, त्यांच्याकडं बघितलंस. तुला सगळं समजलं. डोक्यात तो सगळा कोलाहल चाललेला असताना तुला समजलं की हे पाहुणे आहेत. आणि तू म्हणालास, "पित्ताची."

मी घोकून घेतलेलं तू विसरला नाहीस.

फौजदार काही मूर्ख नव्हते. त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "नाना, डोक्याचा काही इलाज चालू आहे का? असला तर आत्ता सांगा. मग डॉक्टरकडं वेगळं न्यावं लागतं, कोर्टाला वेगळं लिहावं लागतं. नंतर सांगून उपयोग नाही."

ते वेगळं काय लिहावं लागतं, ते मला पाठ आहे. सदर इसमाची मानसिक प्रकृती ठीक नसून त्याच्यावर औषधोपचार चालू आहेत, सबब त्यास तुरुंगात न ठेवता दवाखान्यात दाखल करण्याबाबत आदेश व्हावेत. हा मजकूर मी कितीतरी परक्या भावांसाठी, परक्या पोरांसाठी टाईप केलाय. एक बाई तो कागद हातात घेऊन माझ्या पाया पडली होती.

मी म्हणालो, "नाही साहेब. कुठलाही आजार नाही."

"मग लिहून द्या तसं. तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर सुरेख आहे."

मी लिहिलं. तू बघत होतास.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तुला काही तक्रार आहे का विचारलं, तू नाही म्हणालास. तुझी रवानगी तुरुंगात झाली. आपल्या वकीलबाई, ज्यांचे निम्मे अर्ज मीच टाईप करतो, त्यांनी तुला पाच मिनिटं पाहिलं आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"हा आजारी आहे."

"तापट आहे."

"नाना, मला नका शिकवू. फाईल आणा दवाखान्याची. नुसत्या माझ्या तोंडावर कोर्ट काय करणार? कागद पाहिजे."

मी खाली बघितलं. "पाहुण्यांचा होकार आलाय मॅडम, पुढच्याच्या पुढच्या रविवारी साखरपुडा आहे. तेवढा होऊ द्या. सोमवारी फाईल देतो."

"निदान आतल्या डॉक्टरांना तरी कळवू द्या मला."

"बातमी बाहेर येईल हो. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी कागद पिशवीत भरले. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस त्याचे आहेत, तुमचे नाहीत." आणि निघून गेल्या. त्यांनी गप्प बसायला नको होतं, असं आता त्या स्वतःच म्हणतात. पण गप्प मी बसवलं.

साखरपुड्याच्या आधीच्या शुक्रवारी तुला भेटायला आलो होतो. जाळीपलीकडं तू उभा होतास आणि मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला आणलंय. ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर. पहिले दहा-अकरा दिवस तू मोठ्या बराकीत होतास. तिथं सगळ्यांसाठी एकच हौद. लोक पितात हे बघून तूही पीत असणार. गुरुवारी तिथं भांडण झालं आणि तुला वेगळ्या खोलीत ठेवलं. तिथं मडकं एकट्या तुझं.

तू जाळीला तोंड लावून म्हणालास, "नाना, इथं आधी कुणी पीत नाही."

मला लगेच कळलं. ते न कळण्याचं ढोंग मी कुणापुढं केलं तरी तुझ्यापुढं नाही करणार. मागं उभा असलेला शिपाई म्हणाला, "लई नाटकं करतो तुमचा भाऊ. ताट परत करतो, मडक्याला हात लावत नाय."

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, त्याच्यासमोर मडक्यातला एक घोट तुम्ही प्या, मग तो पिईल. एवढंच. यासाठी फाईल लागत नव्हती, डॉक्टर लागत नव्हता, कोर्टाचा हुकूम लागत नव्हता. पण शिपाई विचारणार, असं का? आणि त्या "असं का"चं उत्तर करमाडपर्यंत जाणार. मी म्हणालो, "हट्टी आहे लहानपणापासून."

वेळ संपली. तू जाताना मागं वळून बघितलंस का, मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

रविवारी साखरपुडा झाला. "काका दिसत नाहीत?" कुणीतरी विचारलं. भाऊसाहेबांनीच परस्पर सांगून टाकलं, "गंगापूरला गेलेत, बहिणीकडं," आणि मला डोळा मारला. त्यांना वाटलं, तुझा तुरुंग झाकून आपण चांगलंच करतोय. स्वातीनं अंगठी घातली तेव्हा तिचे डोळे भरून आले. सगळ्यांना तो आनंद वाटला.

सोमवारी सकाळी लोखंडी कपाटातल्या साड्यांच्या खालून मी तुझी फाईल काढली आणि पिशवीत घातली. पायात चप्पल घालत होतो तेव्हा फोन आला. तब्येत बिघडली, सरकारी दवाखान्यात हलवलंय. मी पोचलो तेव्हा तू गेला होतास. तरुण डॉक्टर होता, त्याला सांगताना त्रास होत होता. "शरीरातलं पाणी पार संपलं होतं काका. किडन्या थांबल्या." माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत फाईल होती.

स्मशानात गुरुजी म्हणाले, तोंडात पाणी सोडा. मी सोडलं. ते तुझ्या ओठावरून गालावर आणि तिथून कानामागं गेलं. तू "आधी तू" म्हणाला नाहीस. बारा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या हातचं पाणी न तपासता घेतलंस.

परवा भाऊसाहेब आले होते. त्यांना चौकशीचं कळलंय. दाराशी उभे राहून बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग बसले. "हे बघा नाना, झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्ही जो जबाब दिलाय त्यो बरोबर हाय. आता त्यात काय घालू नका, काय काढू नका. मयताला काय फरक पडतो? लेकीचं बघा."

"भाऊसाहेब, तुम्हाला काही वेगळं माहीत आहे का?"

ते एकदम उठले. "मला काय बी माहीत नाय. आन् करून पण घ्यायचं नाय." चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. तेव्हा मला कळलं, तेही घाबरलेत. हवालदार तुला घाबरले, मी भाऊसाहेबांना घाबरलो, भाऊसाहेब भावकीला घाबरतात. आणि या सगळ्यांत ज्याच्या घाबरण्याला औषध होतं, त्याचं औषध तेवढं आम्ही काढून घेतलं.

ते गेल्यावर स्वाती आतून आली. मी म्हणालो, "तुझ्यासाठी केलं मी हे."

"मी सांगितलं होतं का बाबा?"

मी भाऊसाहेबांची खुर्ची सरळ करायला लागलो.

"तुम्ही घरी नसलात की काकाला पाणी मी द्यायचे. मी पण आधी घोट घ्यायचे. शिपाई काय बोलला ते तुम्ही शुक्रवारी आईला सांगितलंत, तेव्हा मी दारातच होते. मलाही तेव्हाच कळलं होतं. मी मेंदीला बसले." तिनं हात पुढं केले. नखांवर अजून रंग होता. "सगळं एकट्यावर घेऊ नका. पण गुरुवारी खोटं बोललात तर मी तुमच्या हातचं पाणी पिणार नाही."

हे मंगळवारी लिहिलं.

आज गुरुवार. ऊन उतरतंय. जाऊन आलोय.

दोन दिवस मी एक मसुदा तयार करत होतो. नीट टाईप केला, मुद्दे घातले. वकीलबाई म्हणाल्या, "खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरही येऊ शकतं, तयारी ठेवा." मी हो म्हणालो. आज जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो. बाकावर शेजारी एक म्हातारा होता, मुलाच्या भानगडीसाठी आलेला. त्याला शिपायानं विचारलं, "पोराला काही आजार?" म्हाताऱ्यानं आधी बरोबरच्या माणसाकडं बघितलं, मग म्हणाला, "नाय." त्याचं खरंही असेल. पण ते बघणं मी ओळखलं.

आत न्यायदंडाधिकारी मॅडम होत्या, वयानं स्वातीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मजकूर खरा आहे?"

माझं तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. मसुदा खिशात होता, हात तिथपर्यंत जाईना. मॅडमनी शिपायाला खूण केली. त्यानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी त्या ग्लासाकडं बघत राहिलो. मला ते पाणी पिववेना. खोटं सांगत नाही वसंता, मला वाटलं, आधी कुणीतरी प्यायला पाहिजे. त्या खोलीतल्या एका तरी माणसानं. पहिल्यांदा मला कळलं, ते कसं असतं. तुझा हट्ट नव्हता. हात पुढं जातच नाही.

"घ्या ना काका," शिपाई म्हणाला, "आत्ताच भरून आणलंय."

मी डोळे मिटून एक घोट घेतला. आणि ग्लास उजवीकडं सरकवला.

टेबलाच्या त्या बाजूला कुणी नव्हतं. लिहून घेणाऱ्याची बोटं थांबली. मॅडम ग्लासाकडं बघत होत्या, मग माझ्याकडं.

"हा कुणासाठी सरकवलात?"

"भावासाठी," मी म्हणालो. "मी आधी प्यायल्याशिवाय तो पीत नाही. हे आत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तो कागद खोटा आहे."

मग मसुदा खिशातच राहिला आणि मी तुझे बूट, डबा, पित्त, जाळी, सगळं सांगितलं. दीड तास. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी म्हणालो, "फौजदारसाहेबांनी मला विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. फक्त तो पाहुण्यांसमोर विचारला. मॅडम, हा प्रश्न दार लावून विचारायला सांगा. घरच्यांना वेगळं, आणि ज्याला धरून आणलंय त्याला वेगळं. आणि एकदा नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत विचारायला सांगा. आमच्यासारखी माणसं पहिल्यांदा नाहीच म्हणतात." त्यांनी ते शब्दशः घ्यायला सांगितलं. त्याचं काय होईल, मला माहीत नाही.

जबाब वाचून दाखवला. तळाशी तेच होतं, वरील मजकूर खरा व बरोबर आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा मी ती ओळ बोट ठेवून वाचली आणि सही केली.

स्वाती फाटकाशी उभी होती. करमाडहून अजून फोन नाही. जिन्यात आत्ता पावलं वाजली तेव्हा उठून कडी बघितली, शेजारचे निघाले. भीती गेलेली नाही, वसंता. तू कशी बारा वर्षं काढलीस, कोण जाणे. उद्या तुझ्या डॉक्टरांकडं जाणार आहे, त्या टाकीतल्या आवाजाचं विचारायला. पुढच्या दारानं.